घोरण्याची उपकारस्तुती

पाळकबाईंकडे समुपदेशनाला गेलेल्या सुनेची तक्रार एकच होती: सासूबाई घोरतात. साधंसुधं नाही, दुपारी त्या पाळण्याशेजारी आडव्या झाल्या, की स्वयंपाकघरातली भांडी थरथरायची.

चर्चच्या मागच्या खोलीत, रचून ठेवलेल्या खुर्च्यांच्या आडोशाला, पाळकबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "जे खुपतं ना बाळा, त्याच्याचबद्दल रोज देवाचे आभार मान. मोठ्यानं. मन तयार व्हायची वाट बघू नकोस, ते येतं मागून रांगत रांगत."

सून आज्ञाधारक. त्याच संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तिनं डोळे मिटले. "प्रभू, आमच्या आईंना तू जो आवाज दिलास, त्याबद्दल तुझे उपकार. चोर आमच्या गल्लीत पाऊल टाकत नाहीत."

प्रार्थनेला आमेन म्हणायचं नाही, असं त्या घरात कधी झालं नव्हतं. सासूबाई दात आवळून म्हणाल्या, "आमेन." मग त्यांनीही डोळे मिटले. "आणि सुनेच्या हातच्या सुपाबद्दलही आभार, प्रभू. उपास करणं किती सोपं झालंय!"

"आमेन," नवरा म्हणाला, आणि बायकोच्या नजरेनं तिथंच अर्धा झाला.

मग काय, रोज उपकारस्तुतीची धुमश्चक्री! शेवटी एका दुपारी सुनेनं प्रार्थना केली, "प्रभू, आई लेकीकडे राहायला गेल्या, तर तुझ्या या देणगीचा तिकडेही लाभ होईल."

सासूबाईंनी आमेन म्हटलं नाही. आत जाऊन बॅग भरायला घेतली.

इकडे बाळ झोपेना. थोपटून झालं, गाऊन झालं. नवरा प्लंबर, त्यानं पाळण्याशी बसून आईसारखं घोरून दाखवलं.

"अहो, ही तुंबलेली मोरी झाली!" सून वैतागली. "आईंचं वर चढतं, थबकतं, मग बारीक शिट्टी येते."

बोलता बोलता तिच्या लक्षात आलं, तिला ते सगळं तोंडपाठ होतं.

बाळानं टाहो फोडला. ती पाळण्याशी गुडघ्यांवर बसली. "प्रभू, आई घोरतात म्हणून माझं बाळ झोपतं. बाळ झोपतं म्हणून मी केस विंचरते, चहा गरम असताना पिते. मनापासून उपकार. त्यांना जाऊ देऊ नकोस रे. आणि हा टोमणा नाहीये, तुला तर कळतंच."

"आमेन," दारातून आवाज आला. सासूबाई बॅग घेऊन उभ्या होत्या. "पण मी घोरत नाही हं."

"छे हो, आई!"

"जरा पाठ टेकते. सरक."

त्यांनी बॅगच उशाला घेतली. थोड्याच वेळात भांडी थरथरू लागली आणि बाळाचे डोळे मिटले. सूनही तिथंच फरशीवर कलंडली.

नवरा चादर घेऊन आला आणि ऐकतच राहिला. आता आवाज दोन येत होते.

दोघींवर चादर टाकून तो हळूच म्हणाला, "आमेन."