अठराशे किलोंच्या वर

मी गाड्या वाहून नेणारा ट्रेलर. ऊठसूट बोलण्याचा माझा स्वभाव नाही. पण माझ्याबद्दल चारचौघांत धडधडीत खोटं सांगितलं गेलं आणि मला त्याची किळस आली, म्हणून तोंड उघडतोय.

मला एका वेल्डरबाईंनी घडवलं. दोन अ‍ॅक्सल, चार चाकं आणि मागे गाडी चढवायला दोन लोखंडी फळ्या. सहा आठवडे त्या माझ्याभोवती वाकून होत्या. शेवटी त्यांनी पुढच्या दांड्यावर पट्टी बसवून आकडे ठोकले. एकूण वजन अडीच हजार किलो, त्यात माझं स्वतःचं सातशे.

"म्हणजे पाठीवर अठराशे. त्याच्या वर एक पोतंही नको," त्या गिऱ्हाइकाला म्हणाल्या.

गिऱ्हाईक म्हणजे माझा मालक, गॅरेजवाला. त्याने मान डोलावली. मान डोलावणारा माणूस ऐकतोच असं नाही, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं!

सुरुवातीची वर्षं बरी गेली. बंद पडलेल्या छोट्या गाड्या मी आणायचो. मला ओढणारी जीप मालकाचा मेहुणा चालवायचा. तो बहिणीच्याच घरी राहायचा. निघण्याआधी टायरची हवा बघायचा, गाडी बांधायचे पट्टे ओढून बघायचा. मालकाला मात्र हे सगळं वेळकाढूपणाचं वाटे. तो माझ्या चाकावर थुंकायचा, तेलकट हात माझ्याच अंगाला पुसायचा आणि कशालाही "काही होत नाही" म्हणायचा. या तीन शब्दांचा मला वीट आला होता. एकदा मला रंग देताना त्याने आकड्यांच्या पट्टीवरूनही ब्रश फिरवला. त्यानंतर माझी ताकद फक्त मेहुण्याच्या डोक्यात उरली.

मग एका दुपारी घाटात एका फरशीवाल्याचा पिकअप ट्रक बंद पडला. गिअरबॉक्सच गेला होता. मेहुण्याने ट्रकची कागदपत्रं मागून घेतली आणि मागची खोकी मोजली.

"भाऊजी, रिकाम्या ट्रकचं वजन साडेसोळाशे. वर फरशांची चाळीस खोकी, एकेक पंचवीस किलोचं. म्हणजे आणखी हजार. फरशा उतरवू, दुसऱ्या खेपेत नेऊ."

"तू गणिताचा मास्तर कधीपासून झालास?"

"साडेआठशे किलो जास्त होतायत."

"तुला जमत नसेल तर दुसरा ड्रायव्हर बघतो. काही होत नाही, चल."

मेहुण्याने फळ्या खाली टाकल्या. बहिणीच्या घरी राहणारा भाऊ तोंड उघडून उघडून किती उघडणार?

ट्रक चढवला. त्याचं तोंड पुढे, फरशांचा भार पार माझ्या शेपटाकडे. माझा मागचा भाग बसला आणि पुढचा दांडा जीपचं बूड उचलू लागला. मेहुण्याने ते पाहिलं. "निदान ट्रक थोडा पुढे तरी घेऊ," तो म्हणाला. पण मालक मोटरसायकलवरून केव्हाच पुढे निघून गेला होता.

उतारावर मी डोलू लागलो. आधी थोडा, मग वेड्यासारखा. मी डावीकडे गेलो की जीप उजवीकडे. घाबरला तरी मेहुण्याने ब्रेक दाबला नाही. हळूहळू वेग कमी करायला बघत होता बिचारा. पण माझा मागचा टायर फुटला आणि जीप, मी आणि पाठीवरचा ट्रक, तिघंही खड्ड्यात गेलो. जीप उलटली. मेहुण्याचा पाय तिच्याखाली होता.

मालक परत आला. लोकांनी मेहुण्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं, तोवर अपघाताची चौकशी करणारे सरकारी तपासनीस पोचले होते. त्यांच्यासमोर या बाबाने काय म्हणावं? "कच्चं काम, साहेब. वेल्डिंग तुटलं. त्या बाईने फसवलं आम्हाला."

माझा एकही जोड तुटला नव्हता. दांडा वाकला होता, तुटला नव्हता. तरी गावभर बोभाटा झाला आणि वेल्डरबाईंच्या शेडकडे गिऱ्हाईक फिरकेना. थुंकी पुसता येते हो, या माणसाचे शब्द कशाने पुसायचे?

दोन महिन्यांनी तपासनीस मला पुन्हा तपासायला गॅरेजच्या आवारात आले. त्याच वेळी मेहुणा आला. बगलेत कुबड्या, गुडघ्याखाली पाय नाही. सोबत बहीण.

"वजन मी मोजलं होतं," तो तपासनिसांना म्हणाला. "जास्त आहे हे सांगितलंही. तरी जीप मीच चालू केली, तेवढी चूक माझी. बाईंचं काम चोख आहे. पट्टीवरचा रंग खरवडून बघा."

त्यांनी खरवडलं. आकडे जसेच्या तसे होते.

"घरचा माणूस असं बोलतो?" मालक पुटपुटला.

"घरचा होता म्हणून तर इतके दिवस गप्प बसला," त्याची बायको म्हणाली आणि भावाला घेऊन निघून गेली. ती पुन्हा त्या घरात आली नाही. वेल्डरबाईंची शेड परत चालू झाली. मालकाला शिक्षा झाली. पण माझ्या मते फारच थोडी.

आता त्याने माझा दांडा ठोकून सरळ केलाय आणि वर चकचकीत रंग दिलाय. रोज कोणी ना कोणी मला बघायला येतं. हा हसून सांगतो, "फारसा वापरलेलाच नाही."

तुम्हीही कदाचित याल. तुमच्या घरातलंच कोणी मला जोडलेली गाडी चालवणार असेल, म्हणून हात जोडून सांगतो, मला घेऊ नका. रंगाखाली दांड्याला चीर गेली आहे. मी आता अठराशे सोडा, आठशेचाही राहिलो नाही. मला भंगारात द्यायला सांगा.