मडकं भुईवर टेकवायचं नसतं

बालाघाटजवळच्या किरनापुरात सकाळी भोंग्याची गाडी फिरली, तेव्हा प्रेमलाल ओसरीवर चहा घेत बसला होता. आजपासून दारूचं दुकान आणि अहाता उघडणार, पण नियम पाळून, असं गाडीतला माणूस हिंदीत ओरडून सांगत होता. "दो गज की दूरी! मुँह पर गमछा!"

अहाता म्हणजे दुकानाला लागूनच पत्र्याखाली बसून प्यायची जागा. प्रेमलालची पिठाची चक्की होती. तो काही गटारीत लोळणारा गडी नव्हता. संध्याकाळी चक्की बंद केली की एक पव्वा, मूठभर फुटाणे आणि चार माणसांच्या गप्पा, एवढंच त्याचं व्यसन. खरं सांगायचं तर लॉकडाऊनमध्ये त्याला दारूपेक्षा त्या चार माणसांचीच आठवण जास्त आली. त्यांच्यात समोरच्या घरातला टिकारामही असायचा. टिकाराम पीत नसे. नुसते फुटाणे खाई आणि प्रेमलालला हाताला धरून घरी आणी.

तोच टिकाराम आज फाटकाबाहेर उभा होता. मायच्या मयतीला मुंडण केलेल्या डोक्यावर केसांचे खुंट उगवले होते.

"प्रेमलालभाऊ, मायले आज वैनगंगेवर नेऊन राह्यलो. गाडी मी चालवतो, मडकं धराले मांगं कोनीतरी पाह्यजे. येशीन का?"

टिकारामची माय लॉकडाऊनच्या ऐन भरात गेली. रोगानं नव्हे, म्हातारपणानं. रस्ते बंद होते, म्हणून तिच्या अस्थींचं मडकं इतके दिवस मसणातल्या पिंपळाला बांधून ठेवलं होतं. एकदा ते फांदीवरून सोडलं की नदीपर्यंत भुईवर टेकवायचं नसतं. कुणाच्या तरी हातात, नाहीतर मांडीवर ठेवूनच न्यावं लागतं. हे गावात लहान पोरालाही ठाऊक होतं.

प्रेमलालनं कपातल्या चहाकडे पाहिलं. "मी आलो असतो रे. पन गाडीवर चिटकून बसा लागते. घरी लहान नातू हाय. रोग का सांगून येते?"

"हौ, तेही खरंच हाय," टिकाराम म्हणाला आणि मागं वळला.

प्रेमलालची बायको दुर्गाबाई दारामागून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली तोवर प्रेमलालनं धुतलेला सदरा अंगात घातला होता.

"कुठं निंगाले?"

"अहाता उघडून राह्यला म्हनते. पाहून येतो."

"अन् रोग? तो का आज सासुरवाडीले गेला?"

"तिथं चुन्याचे गोल मारले हाय. दो-दो गजावर उभं राहा लागते."

दुर्गाबाईचा आवाज चढला नाही. प्रेमलालला तेच जड गेलं.

"तुमची माय आजारी होती तवा याच मायनं तुमाले पदराखाली घेऊन पाजलं. तिच्या मयतीले कायद्यानं वीस मानसं चालत होती. आली किती? टिकाराम, त्याचा जावई अन् शेजारचा राजू. चौथा खांदा त्याच्या राखीनं देला. पोरीनं! तुमी तोंडाले गमछा बांधून दारातून पाह्यत राह्यले."

"काहून उकरून काढतं आता? तवा दिवसच तसे होते."

"भेव खोटं नवतं, मी तसं नाई म्हनत. पन रोग मयतीतल्या मानसाले ओळखते अन् अहात्यातल्या मानसाले ओळखत नाई का? भेव ठेवाचं असन तं दोन्हीकडं ठेवा. नसन तं दोन्हीकडं नोका ठेवू."

 प्रेमलालनं चपला घातल्या आणि निघाला.

अहाता बालाघाटच्या रस्त्यावर, गावाच्या टोकाला. दुकानापासून पार सडकेपर्यंत चुन्याचे पांढरे गोल आखले होते. काही शहाण्यांनी गोलात नुसत्या चपला ठेवल्या होत्या आणि स्वतः सावलीत एकमेकांच्या अंगावर रेलून गप्पा मारत होते. चपला मात्र नियम पाळत होत्या! प्रेमलाल लवकर आल्यामुळे त्याला पुढचा गोल मिळाला. ओळखीचे चेहरे पाहून त्याला बरं वाटलं. पण टिकाराम त्यात नाही हेही त्याला जाणवलं.

शटर वर गेलं आणि पाहता पाहता गोल पायांखाली गेले. मागचा पुढच्याच्या पाठीवर, हात खिडकीत, तोंडावरचे गमछे गळ्यात. प्रेमलालच्या दोन्ही खांद्यांवर दोन अनोळखी माणसं रेलली होती. एक जण त्याच्या मानेवर खोकला. कुणीतरी पाणी पिऊन तोच गिलास पुढं दिला आणि प्रेमलालनं तो तोंडाला लावलाही! मग त्याला दुर्गाबाईचं बोलणं आठवलं आणि त्यानं उरलेलं पाणी सांडून टाकलं.

एवढ्यात मागं हॉर्न वाजला.

गर्दीनं अख्खी सडक अडवली होती आणि तिच्यात एक मोटारसायकल रुतली होती. टिकाराम दोन्ही पाय टेकून गाडी सावरत होता. मागं त्याची मुलगी राखी बसली होती, मांडीवर लाल फडक्यात बांधलेलं मडकं घेऊन. कुणी डावीकडून ढकललं, कुणी उजवीकडून. गाडी कलली. राखीनं मडकं दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलून धरलं.

"बाजूले व्हा!" ती ओरडली. "माह्या हातात आजी हाय!"

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग लाल फडकं दिसलं आणि गर्दी दुभंगली. इतका वेळ एकमेकांच्या अंगावर चढलेली माणसं झटक्यात मागं सरली. चुन्याच्या गोलांनी जे अंतर पडलं नव्हतं ते त्या म्हातारीच्या मडक्यानं पाडलं! त्या मोकळ्या जागेत मधोमध ती पोर होती. गाडी तिरपी, टिकारामचे दोन्ही हात हँडलवर, आणि राखीचे मडक्याला. तिला मडकं खाली ठेवता येत नव्हतं आणि ते धरायला कुणी पुढं येत नव्हतं.

"काका, आपका नंबर," खिडकीतून दुकानातला राहुल म्हणाला. "जल्दी बोलो, क्या दूँ?"

प्रेमलालनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्याला टिकारामच्या घरची ओसरी आठवली. तिथं लहानपणी तो आणि टिकाराम एकाच थाळीत जेवायचे आणि माय दोघांच्या तोंडात आळीपाळीनं घास घालायची. तिनं कधी हा माझा, तो परका असं केलं नव्हतं. आणि आपण? आपण तिला दारातून निरोप दिला! त्याचे डोळे भरून आले.

त्यानं गमछा नाकावर ओढून घट्ट बांधला, खिडकीवरच्या बाटलीतलं सॅनिटायझर हातांवर चोळलं आणि त्या मोकळ्या जागेत चालत गेला.

"दे, पोरी. माय माह्याजवळ दे."

मडकं हलकं होतं. इतकं हलकं असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

राखी उतरली आणि घराकडे निघाली. प्रेमलाल टिकारामच्या मागं तोंड बाजूला वळवून बसला. बराच रस्ता गेल्यावर तो म्हणाला, "टिकाराम, मयतीले नाई आलो मी. अहात्यात मात्र पयला उभा होतो. आज मले माही लाज वाटली रे."

टिकारामनं गाडी थोडी हळू केली. "मले राग नवता आला, भाऊ. पन माय जाताना कोन दिसते म्हनून मी मांगं वळून वळून पाह्यत होतो."

 वैनगंगेवर दोघांनी मिळून मडक्याला हात लावला आणि माय पाण्यात गेली.

दुपारी प्रेमलाल घरी आला तेव्हा दुर्गाबाईनं अंगणात पाण्याची बादली भरून ठेवली होती. राखीनं तिला सगळं सांगितलं होतं.

"मडकं भुईवर टेकलं तं नाई ना?" तिनं विचारलं.

"नाई टेकलं."

"मंग आंघोळ करा अन् जेवाले या. टिकारामच्या घरचाही सैपाक मीच केला हाय. डबा तुमी नेऊन द्या."

अहाता त्यानंतरही भरत राहिला. प्रेमलाल संध्याकाळी टिकारामच्या ओसरीवर बसू लागला. मध्ये दोन हात जागा सोडून, तोंडावर गमछा बांधून. फुटाणे तेच, गप्पा त्याच. पव्व्याची त्याला आठवण आली नाही असं नाही, पण तो परत गेला नाही.

बंधूंनो आणि भगिनींनो, रोग खरा होता आणि नियमही आपल्या भल्याचेच होते. खोटे ठरलो ते आपण! मौजेच्या वेळी भीतीला घरी ठेवलं आणि शेजाऱ्याच्या दुःखाच्या वेळी तिला पुढं केलं. नियम पाळायचा तर तो आपल्या चैनीलाही लावावा. आणि सगळं सांभाळून, तोंड झाकून, हात धुऊन, कुणाच्या थकलेल्या हातातलं ओझं घेता येत असेल तर ते घ्यावं. नाहीतर उद्या आपलं मडकं धरायलाही माणूस सापडणार नाही.