रंगीत तालीम, दुपारी एकपर्यंत

कवळ्या बनवणाऱ्या त्या छोट्याशा कारखान्यात सुनेने दोन वर्षं खपून सगळं काम सासऱ्यांच्या वहीतून कॉम्प्युटरवर आणलं होतं. कोणाच्या जबड्याचं माप काय, दातांची छटा कोणती, सगळं त्या एका डब्यात. सासऱ्यांनी तेव्हा मुरडलेलं नाक अजून सरळ झालं नव्हतं. त्यामुळे "कॉम्प्युटर बिघडला तर काय करायचं, याची आज रंगीत तालीम. एक वाजेपर्यंत तो बंद," असं तिने जाहीर करताच प्लग काढायला तेच धावले.

"आणि काम अडलं तर?"

"तर पुन्हा तुमची वही," ती बोलून गेली, आणि लगेच तिने जीभ चावली.

खरं तर घाबरायचं कारण नव्हतं. रोज संध्याकाळी ती सगळ्या नोंदींची प्रत एका डिस्कवर घेऊन घरी नेई. तिने ऐटीत डिस्क जुन्या लॅपटॉपला जोडली. डिस्कने पासवर्ड मागितला. तो तिने परवाच बदलला होता, चांगला वीस अक्षरांचा, आणि जपून ठेवला होता नेमका त्या बंद कॉम्प्युटरमध्ये. अशी फजिती वैऱ्याचीही होऊ नये.

सासऱ्यांनी वही झटकून टेबलावर ठेवली.

तेवढ्यात पॉलिशवाल्या मावशी एक कवळी घेऊन आल्या. दवाखान्याला ती आजच हवी होती आणि छटा कोणती ते कुणालाच आठवेना. सासऱ्यांनी कवळी उजेडात धरली. "हे ते चहाबाज मास्तर. हस्तिदंती घ्या, वर पिवळ्याचा एक थेंब, कडेला किंचित करडा."

एक वाजता प्लग लावला, तर कॉम्प्युटरही अक्षरशः तेच म्हणाला.

"काम अडलं नाही, पण तुझ्यामुळे नाही. डोकं लागतं, सूनबाई," सासरे कॉलर ताठ करून म्हणाले.

सुनेने वही ओढली आणि लिहिलं: 'धोका पहिला: पासवर्ड एकाच जागी. चूक माझी.' मग सासऱ्यांकडे एकदा बघून खाली लिहिलं: 'धोका दुसरा: बाबा. एकच आहेत. प्रत नाही.'

सासऱ्यांनी ते वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आपण जरा जास्तच लिहिलं की काय, असं तिला वाटलं. त्यांचा चेहरा हसावं की रडावं अशा बेतात होता.

"हे वहीत नको," ते शेवटी स्टूल ओढत म्हणाले. "वहीसुद्धा एकच आहे. मी सांगतो, तू कॉम्प्युटरवर घे. आणि प्रत दोन ठिकाणी ठेव."