परत आत टाकलेली चिठ्ठी

"हात लावू नका मावशी, ती कंपनीची आहे."

"लावनार! माझ्या लेकीचा कागद हाय हिच्यात. उघड म्हन्ते ना!"

आणि रतनबाईंचा तळवा माझ्या कपाळावर असा बसला की भिंतीतला एक स्क्रू निसटला. तेव्हापासून मी तिरकी टांगलेली आहे. अर्धा तास त्या आणि एचआरच्या निवेदिता मॅडम मला मध्ये घालून भांडत होत्या, पण मला विचारलं कुणीच नाही. म्हणून आता मीच बोलते. मी सुप्याच्या एमआयडीसीतली तक्रारपेटी. गाड्यांच्या वायरी जुळवणारा एक कारखाना आहे, तिथल्या एचआरच्या दाराशी माझी जागा.

माझा जन्म नगरच्या एका शेडमध्ये, उरलेल्या पत्र्यातून झाला. वर फट, खाली कुलूप, पोटावर लाल रंगात नाव. ते नाव मला तेव्हा वाचता येत नव्हतं. मला कुणी शाळेत घातलं नाही. पोटात पडलेल्या चिठ्ठ्या फटीतल्या उजेडात न्याहाळत मी आपली आपण शिकले. पहिला शब्द लागला तो 'पाणी'. दुसरा 'संडास'. तिसरा 'पुन्हा'. आता तर मी इंग्रजीही वाचते. कुणाला खोटं वाटत असेल तर वाटो.

माणसांची एक गंमत सांगते. चिठ्ठी टाकणारा कागदाच्या आठ घड्या घालतो. घडी जितकी बारीक तितकं आपण लपलो, असं त्याला वाटतं. समोर कॅमेरा बसल्यापासून तर चिठ्ठ्या जवळजवळ बंदच झाल्या. बिस्किटाच्या पुड्याचा कागद तेवढा येतो. मी तोही सांभाळते. करणार काय?

निवेदिता मॅडमना मी त्या इथल्या मॅडम होण्याआधीपासून ओळखते. त्या नगरच्या एका भरतीच्या एजन्सीत होत्या. स्कूटीवरून गावोगाव हिंडून आयटीआय झालेल्या मुली हुडकायच्या, माझ्याखालच्या बाकावर त्यांना ओळीनं बसवायच्या आणि फॉर्म भरून घ्यायच्या. मुली आत गेल्या की यांचं काम संपलं. तरी जाताना त्या वळून बघायच्या. मी पाहिलंय.

सहा महिन्यांपूर्वी त्या इथंच एचआरमध्ये लागल्या. मोठ्या साहेबांना म्हणाल्या, "सर, माणसं नुसती आणून सोडायचा कंटाळा आला. आता सांभाळायचीयत." पहिल्याच दिवशी त्यांनी ओढणीनं माझी धूळ पुसली, कुलूप काढलं आणि तळाशी चिकटलेल्या चिठ्ठ्यासुद्धा सोडवून वाचल्या. त्याच आठवड्यात पाण्याचा फिल्टर बदलला. मला वाटलं, आता माझे दिवस आले. वेडी मी!

कारण मग पुण्याच्या हेड ऑफिसातून यादी आली. कंत्राटावरच्या मुलींचे सात महिने भरत आले की त्यांना 'ब्रेक' द्यायचा. ब्रेक म्हणजे घरी पाठवायचं, पुढं कायम करावं लागू नये म्हणून. मी स्पष्टच सांगते, याला सांभाळणं म्हणत नाहीत. आणि यादीखाली सही मात्र एचआरची.

यादीत सृष्टी होती. रतनबाईंची लेक, राळेगणसिद्धीच्या पलीकडच्या वस्तीवरची. मॅडमनी एजन्सीतून आणलेल्या शेवटच्या तुकडीतली. गेल्या सोमवारी ती कॅमेऱ्यासमोर ताठ उभी राहिली आणि घडी न घालता कागद माझ्यात सोडला. 'आम्हा सात जणींना कायम करा. खाली नाव लिहिते, कारण बिननावाच्या चिठ्ठीला उत्तर येत नाही.'

मॅडमनी ती वाचली. साहेबांकडं गेल्या, परत आल्या, आणि चिठ्ठी फाईलला न लावता माझ्याच फटीतून पुन्हा आत टाकली. दुसऱ्या दिवशी काढली, वाचली, परत आत. त्यांना ती फाडवेना आणि पुढंही पाठवता येईना. आणि मला तोंड आहे ते फक्त गिळायला.

लेकीला उत्तर आलं नाही म्हणून रतनबाई शनिवारी थेट केबिनच्या दाराशी आल्या.

"माझ्या ओट्यावर बसून तू शब्द दिल्ता. कोल्हारचं चांगलं स्थळ आल्तं. मी दिराला सांगितलं, पोरगी सा म्हैन्यात कायम व्हनार हाय, थांबा. आता ती घरी बसली की आठ दिवसांत पावनं आनून बसवतील. तिला इचारनार बी न्हाईत."

"मावशी, मला एजन्सीत जे सांगितलं तेच मी तुम्हाला सांगितलं. तेव्हा माझं काम गेटपर्यंतच होतं."

"आन आता?"

मॅडमनी गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळली. "आता आतली आहे. भांडले मी साहेबांशी. निदान तीन महिने वाढवा म्हटलं. नाही ऐकलं."

"मंग सही नको करू."

"मी नाही केली तर दुसरं कुणीतरी करेल."

"करू दे की! खाली तुझं नाव तर नसंल."

मी आतून ओरडत होते, अगं, काढ ती चिठ्ठी, आपट साहेबांच्या टेबलावर! नुसता पत्रा थरथरला. हे वाचणाऱ्यांनो, तुमच्याही कचेरीत माझी एखादी बहीण टांगलेली असेल. तिचं कुलूप शेवटचं कधी काढलंत? आणि आतलं वाचून कुठं ठेवलंत?

मग मॅडम खाली बघत म्हणाल्या, "मावशी, भरतीही आता माझ्याकडंच आहे. सोमवारी सृष्टीच्या जागेवर येणारी मुलगी मीच निवडलीय. परवा तिच्या आईला भेटून आले."

"काय सांगितलंस तिला?"

"तेच."

रतनबाईंचा माझ्यावर पुन्हा उगारलेला हात तसाच खाली आला. त्यांनी बाकावरची पिशवी उचलली, चार पावलं गेल्या, थांबल्या आणि मागं न बघता म्हणाल्या,

"मंग तिच्या आईला माझा नंबर दे."