लोकरीच्या टायरची सायकल

मित्रांनो, मी आज जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. आजवर कुणाचा बसलेला नाही. कडेगावच्या बाजारात बसला नाही, म्हसवडच्या जत्रेत बसला नाही, आणि या घरात तर पन्नास वर्षांत एकदाही बसलेला नाही. तरी सांगते.

मी एक जुनी सायकल आहे. काळी, दांडीची, मागं भक्कम कॅरिअर असलेली. सायकलीला तोंड नसतं हे मला ठाऊक आहे, म्हणून मी माझ्या मालकाचं तोंड उसनं घेतलं आहे. हे काय, माझ्या शेजारी बाजेवर बसलेत, पांढऱ्या मिशांचे. हे लालासाहेब, फौजेतले माजी हवालदार. सगळे त्यांना आबा म्हणतात. ओठ हलताना दिसतील ते त्यांचे, शब्द मात्र माझे. खरं निघालं तर कौतुक माझं करा, खोटं निघालं तर त्यांना धरा.

आणि तो समोर जांभळीखाली चहा पीत बसलाय ना, तो कृष्णात वेल्डर. त्याच्याजवळ मशीन आहे, सिमेंटचं पोतं आहे. चहा संपला की तो माझी चाकं फाटकाला जोडणार, माझा स्टँड सिमेंटात गाडणार आणि हँडलला 'रानमुक्काम' अशी पाटी लावणार. कॅरिअरवर सदाफुलीची कुंडी येणार. म्हणजे माझ्या हातात एका कपाएवढाच वेळ आहे.

"कृष्णात, दमानं पी रं. गरम हाय चहा."

"थंड झाला की आबा."

"मग दुसरा घे. परक्याच्या घरी आल्यागत बसलायस, आपलंच घर हाय."

हे सगळं ठरवलं क्रांतीनं. ती आबांची सून. तिचा नवरा यशराज फौजेत, लांब सरहद्दीवर. दोन वर्षांपूर्वी तिनं शेतातल्या घराला रंग दिला, चार खोल्या वाढवल्या आणि पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांसाठी 'रानमुक्काम' सुरू केला. तुम्ही मुलं आलात ती इथंच. सकाळी खळ्यावर योगासनं, मग सायकलवरून येरळेच्या काठानं फेरी, परत आल्यावर ताक आणि बाजरीची भाकरी, दुपारी काशाच्या वाटीनं तळपायाला तेल. मोबाइल वेताच्या टोपलीत. शहरातली माणसं याला वेलनेस म्हणतात आणि चार दिवसांनी गाल लाल करून परत जातात. मला याची गंमत वाटते. माझ्या तरुणपणी माणसं सायकल मारून थकायची. आता थकवा घालवायला सायकल मारतात.

पण मी माझं सांगते.

माझा जन्म पंजाबातल्या कारखान्यात झाला. तिथून सुटे भाग होऊन मी सांगलीला आले आणि एका दुकानात माझी जुळणी झाली. चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. लालासाहेब लग्नासाठी रजेवर आले होते. केवढे देखणे! छाती अशी की शर्टाची बटणं घाबरून असायची. त्यांनी दुकानात मला बघितलं, हँडलला लाल गोंडे बांधले आणि आम्ही निघालो. निघताना दुकानदारानं निरोपाचा हात वर केला होता. आम्ही कडेगावात पोचलो तेव्हा तो हात अजून खाली यायचा होता.

"आवं!" स्वयंपाकघरातून चंद्राबाईंचा आवाज आला. या आबांच्या मालकीणबाई, तुमच्या पायाला तेल लावणाऱ्या. "वाटंत दोनदा चेन पडली हुती. सकाळी निघालेला माणूस दिवस मावळताना दारात आला."

"चेन कुणाची पडली? सायकलीची. मग सायकल सांगंल की कवा पडली ते."

बघितलंत? असं चालतं या घरात.

लग्नानंतर महिन्याभरात मालक पलटणीत परत गेले. लांब बर्फात. मला पडवीत उभं केलं आणि चंद्राबाईंना सांगून गेले, "हात लावू नगंस, पडशील." तेव्हा पोस्टमन वस्तीवर आठवड्यातून एकदा यायचा, आणि कधी येईल याचा नेम नसायचा. पत्र कडेगावात पडून राहायचं. चार दिवस, सहा दिवस. ही माउली वाट बघून बघून कंटाळली. एका पहाटे तिनं मला गुपचूप उसाच्या वाटेवर नेलं. पहिल्यांदा दांडीखालून पाय घालून चालवायला शिकली, मग काष्टा घट्ट करून दांडीवरून. कितीदा पडली, कितीदा कोपर फुटलं. घरात विचारलं की म्हणायची, पाटात घसरले. पंधरा दिवसांनी आम्ही दोघी कडेगावच्या पोस्टासमोर उभ्या होतो, आणि पोस्टमास्तर चष्मा काढून आमच्याकडं बघत होते.

पुढची दोन वर्षं प्रत्येक पत्र आम्ही आणलं. परतताना ती मला चिंचेखाली टेकवायची आणि पत्र वाचायची. तिला अक्षर सावकाश लागायचं. एकेक ओळ दोनदोनदा. मी कुठल्याच सायकलीनं ऐकली नसतील एवढी पत्रं ऐकली आहेत.

मालक रजेवर आले, माझ्यावर बसले आणि चमकले. सीट दोन बोटं खाली होती. त्यांनी सीटकडं बघितलं, चंद्राबाईंकडं बघितलं. चंद्राबाई चुलीकडं बघत होत्या. मालकानं पाना आणला. मला वाटलं, वर करणार. त्यांनी सीट आहे तिथंच आणखी घट्ट आवळली. आबांचे गुडघे पुढं दुखायला लागले ते त्या वाकून बसण्यानं.

"हे मातर खरं हाय," आतून आवाज आला. जरा हळूच.

पलटण सुटल्यावर आमचे खरे दिवस आले. मी काय काय वाहिलं! कॅरिअरवर खताची पोती, दांडीवर छोटा यशराज, हँडलला दुधाच्या किटल्या. जतकडं पाव्हण्यांच्या गावी जायचो. तिकडचं ऊन म्हणजे ऊन! एकदा कॅरिअरवर ओल्या शेंगांची पिशवी होती. जत येईपर्यंत शेंगा भाजून तयार, नुसतं मीठ लावायचं बाकी. तिथली कानडी बोलणारी माणसं म्हणाली, एवढ्या खरपूस शेंगा आम्हाला भट्टीवरही जमत नाहीत.

"आजोबा, कॅरिअर वितळलं नाही?" तुमच्यातल्या उत्कर्षानं विचारलं. पुण्याची आहे. असे प्रश्न विचारणारच.

"वितळत हुतं पोरी. पर मी वेगात हुते, वारं लागत हुतं."

आता नीट ऐका, कारण हे महत्त्वाचं आहे. म्हसवडला सिद्धनाथाच्या जत्रेला निघालो होतो. माणदेशचा माळ, सगळीकडं बाभळी. एका पावलावर पुढचा टायर बसला, दुसऱ्या पावलावर मागचा. ट्यूबची चाळण झाली. तिथं अर्जुना नावाचा मेंढपाळ बसला होता, शंभरेक मेंढरं घेऊन. नुकतीच कातरणी झाली होती. तो म्हणाला, "हवालदार, हवा कशाला भरतासा? हवा पळून जाती. लोकर भरा, ती कुठं जातीया?" आणि खरंच, त्यानं ट्यूब काढून दोन्ही टायरांत लोकर ठासून ठासून भरली. काठीनं कोंबली, वरून पाय देऊन दाबली. त्या दिवसापासून आजपर्यंत मला पंक्चर माहीत नाही. चालायला थोडी जड झाले, पण काट्यांना माझी भीती बसली.

दरसाल कातरणीच्या वेळी मालक अर्जुनाकडं जायचे. जुनी लोकर काढून नवी भरायचे. दोघं दिवसभर गप्पा मारायचे आणि एकमेकांपेक्षा मोठी थाप कोण मारतो ते बघायचे. अर्जुना गेला तेव्हापासून तीच लोकर आत आहे. मालकानं ती बदलू दिली नाही.

मग घरात मोटरसायकल आली. मला गोठ्यात ठेवलं. कुणी वाईट वागलं नाही, पण कुणी काही बोललंही नाही. माझी घंटी गंजली. एका कोंबडीनं माझ्या कॅरिअरवर एकवीस पिल्लं काढली आणि त्यातली सात माझ्यासारखी काळी निघाली. एवढंच काय ते माझ्या म्हातारपणातलं सुख.

रानमुक्काम सुरू झाला तशी मला बाहेर काढून पुसलं. पाहुणे माझ्याबरोबर फोटो काढायचे. शेजारी अकरा नव्या गियरच्या सायकली, हलक्या, बारीक टायरच्या. त्या रोज रस्त्यावर, मी रोज भिंतीला. मालक अधूनमधून कुणी बघत नाही असं पाहून माझ्यावर बसायचे आणि पाटापर्यंत जाऊन यायचे. गेल्या दिवाळीत वळणावर कुत्रं आडवं आलं आणि आम्ही दोघं पडलो. चूक कुत्र्याची. पण क्रांती घाबरली. ती म्हणाली, "ही सायकल दारात मोकळी असली की ह्यांचा पाय गप बसत न्हाई. हिलाच गप बसवते." म्हणून हे सिमेंट. तिचा राग नाही, जीव आहे तिचा आबांवर. मला कळतं. पण मित्रांनो, ज्या चाकानं एवढी वाट पाहिली त्याला कुंडी सांभाळायला लावणं म्हणजे काय असतं, ते चाकालाच विचारा.

"आबा, चहा संपला," कृष्णात म्हणाला. पण तो उठला नाही. कप हातातच होता.

क्रांती तिथंच ओसरीवर हेल्मेटं पुसत होती. इतका वेळ तिनं मान वर केली नव्हती.

तर शेवटचं सांगते. दिवाळीनंतर बारा दिवसांनी रानमुक्कामात पाहुण्यांची पहिली मोठी टोळी आली. अकरा जण. ओढ्याकाठच्या पाऊलवाटेनं त्यांची फेरी ठरली होती. त्या वाटेवर बाभळीच्या फांद्या आडव्या आल्या होत्या. पाहुण्यांना ओरखडे नकोत, म्हणून मालकानं आदल्या दिवशी गडी दादासोला सांगितलं, "सगळ्या तोड आन् कुंपणाला नेऊन टाक." दादासोनं तोडल्या, दोरानं बांधल्या, बैलाला जोडल्या आणि वाटेवरूनच तीन किलोमीटर ओढत आणल्या. वाट अशी स्वच्छ दिसत होती! काटे मातीत, वरून काही नाही. दुसऱ्या दिवशी अकराच्या अकरा सायकली पलीकडच्या टोकाला जाऊन बसल्या. बावीस टायर. आमच्या आदरातिथ्यानं त्यांची चाळण केली.

आणि तेवढ्यात फेरीबरोबर दिलेल्या एकुलत्या मोबाइलवरून फोन आला. राणीताई नावाच्या एक पाहुण्या होत्या, सासष्ट वर्षांच्या, साखरेचा आजार असलेल्या. उन्हात त्यांना गरगरायला लागलं, हात थरथरायला लागले. जवळचं खाणं संपलेलं. अंगातली साखर उतरली होती, ताबडतोब गोड पाहिजे होतं. दादासो मोटरसायकल घेऊन कडेगावला गेलेला. टेम्पो त्या वाटेवर मावत नाही. घरची स्कूटर काढली, ती पहिल्या वळणावरच काट्यात बसली. घरात गुळाची ढेप होती आणि तो गूळ तीन किलोमीटर पलीकडं पोचवायला काट्यांतून जाईल असं एकच चाक साऱ्या रानात होतं.

मित्रांनो, म्हणून तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. जुन्या वस्तूला पुसून कोपऱ्यात उभं करू नका. तिला तेल द्या, रोज एक फेरी मारा. पडेल, कुरकुरेल, पण चालती राहील. चालायचं बंद केलं की लोखंड काय आणि माणूस काय, आतूनच गंजतं.

तर त्या दिवशी माझे मालक बाजेवरून ताडकन उठले. वय शहात्तर! खिशात गूळ, खांद्याला पाण्याची बाटली. एका उडीत माझ्यावर स्वार झाले. गुडघे कुठले अन् काय कुठलं! आम्ही असे सुटलो की काटे आपणहून वाटेच्या कडेला जाऊन उभे राहिले. ओढ्यावरून तर आम्ही उडालोच. राणीताईंनी डोळे उघडले तेव्हा मालक मिशीला पीळ देत त्यांच्यासमोर...

"थांबा, थांबा!" क्रांतीच्या हातातलं हेल्मेट खाली पडलं. "आवं आबा, किती खोटं बोलाल पोरांम्होरं? तवा तुमचा पाय मांडीपतोर प्लास्टरात हुता! ह्याच बाजंवर बसून 'माझ्यामुळं झालं, माझ्यामुळं झालं' म्हणून डोळं पुसत हुता तुमी. सायकल मी मारली! वढणी कमरंला बांधून मी गेले! जाताना तीन किलोमीटर, येताना तीन. काटं चाकाखाली कटाकटा मोडत हुतं, पर एकदा म्हणून दगा दिला न्हाई हिनं. ती नसती तर त्या बाईचं काय झालं असतं देव जाणं. अशी सायकल आख्ख्या तालुक्यात हुडकून सापडायची न्हाई!"

कृष्णातनं कप खाली ठेवला.

"मग वयनी," तो म्हणाला, "हिला सिमेंटात कशाला घालायची?"