तीन पायऱ्या

दूरच्या लाल ग्रहावरच्या त्या तीन दगडांना आमच्या साहेबांनी फोटोत पाहताक्षणी ‘पायऱ्या’ म्हटलं, तेव्हा मला मनातल्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. सात वर्षं मी याच दिवसाची वाट पाहत होते.

ग्रहावर फिरणारी आमची गाडी फोटो पाठवते आणि मी ते कडेला कड लावून जोडते. आधी हे काम माझी ताई करायची. सात वर्षांपूर्वी एकदा जोड चुकलाय असा शेरा तिने लिहून दिला. साहेबांनी तो न वाचताच फोटो छापायला धाडला आणि जगभर हसं झाल्यावर ‘मला कुणी सांगितलंच नाही’ म्हणून हात झटकले. ताईचा कागद कुठेच सापडला नाही. तिची नोकरी गेली. तेव्हापासून तिने एकही फोटो हातात धरला नाही, माझ्या लग्नाचासुद्धा.

या पायऱ्या म्हणजे मुळात एकच दगड होता. गाडीची चाकं वाळूत जागच्या जागी फिरली आणि कॉम्प्युटरला वाटलं, गाडी पुढे सरकली. त्यामुळे त्याच दगडाचे तीन फोटो ओळीने चिकटले. तिन्हींच्या डाव्या कोपऱ्यावर तोच टवका उडालेला. मी हे सगळं शेऱ्यात स्वच्छ लिहिलं.

साहेबांची एक खोड मी हेरून ठेवली होती. हातात चहाचा कप असला की समोर येईल त्यावर ते सही करतात. मी शेऱ्याची नोंद टपालवहीत केली आणि चहाच्या वेळी दोन्ही पुढे सरकवली. ‘मिळाला’ या रकान्यात त्यांनी झोकात सही ठोकली. शेऱ्यावर कप ठेवला.

दोन दिवसांनी त्यांनी पत्रकार बोलावले. आमच्या संस्थेच्या संचालकबाईही पहिल्या रांगेत होत्या. त्या ग्रहावर पायऱ्या कुणी बांधल्या असतील, यावर ते पाऊण तास बोलले. मी त्यांना एका वाक्यात थांबवू शकले असते. नाही थांबवलं, आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही.

मग एका पत्रकार बाईंनी विचारलं, तिन्ही दगडांचा टवका एकाच जागी कसा उडाला? साहेबांनी फोटो डोळ्यांजवळ नेला.

“जोडणारीने मला सांगितलंच नाही,” ते म्हणाले.

मी उठले आणि वही उघडून संचालकबाईंपुढे ठेवली.

“सही तुमचीच ना, साहेब? माझ्या ताईनेही सांगितलं होतं. तिच्याकडे वही नव्हती, एवढंच.”

संचालकबाईंनी सही पाहिली. माझ्याकडून शेऱ्याची प्रत मागून घेतली आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली. तारखेसकट.

घरी येऊन मी तो फोटो ताईपुढे ठेवला. बराच वेळ तो तसाच पडून होता. मग तिने तो उचलला, खिडकीशी नेला आणि टवक्यावर बोट ठेवलं.

“एकच आहे हा.”

“हो.”

“त्या साहेबाचं तोंड कसं झालं होतं?”

मी सांगितलं. ताई खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली.

“आता पहिल्यापासून सांग,” ती म्हणाली. “काही गाळू नकोस.”