नवी बाटली

नळीतला पिवळा रंग नारिंगीकडे झुकायला लागला, तेव्हाच ताईंनी नळीवरचं नाव पुन्हा वाचलं. रक्त धाकट्या भावाचं होतं. मूत्रपिंडांनी बाहेर न टाकलेला कचरा पिक्रिक आम्लाच्या द्रावणात नारिंगी होतो. रंग जितका गडद, तितकी मूत्रपिंडं थकलेली. यंत्राने आकडा दाखवला, आठ पूर्णांक दोन. तो एकच्या आसपास हवा.

ताईंनी आधी द्रावणाच्या बाटलीवर संशय घेतला. दवाखान्याच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं त्या हेच करत आल्या होत्या. नाचता येईना अंगण वाकडं, असं डॉक्टर चिडवायचे. पण दहातल्या नऊ वेळा अंगण खरंच वाकडं निघायचं आणि ताईंना त्याचा कोण अभिमान.

त्याच अभिमानाने घात केला. आठ महिन्यांपूर्वी भाऊ पाय सुजले म्हणून आला होता, तेव्हा आकडा तीन आला. चाळिशीही न गाठलेला, हसता-खेळता माणूस. त्याला कसलं काय? द्रावण जुनं दिसतंय, पुन्हा ये, असं त्यांनी सांगितलं. तो आला नाही. ताईंनीही मागे लागून बोलावलं नाही. बाटलीच खराब होती, अशी त्यांनी आपली समजूत घालून घेतली होती.

आज त्यांनी ताजं द्रावण केलं. रक्ताविना एक नळी लावली, आधीच माहीत असलेल्या आकड्याची एक लावली. दोन्ही चोख आल्या. भावाची पुन्हा आठ पूर्णांक दोन. आता बोट ठेवायला जागाच उरली नाही.

तो दारात येऊन उभा होता.

"बाटली बदललीस?"

"बदलली." ताईंनी नळी खाली ठेवली. "तेव्हाचीही चांगलीच होती रे. मी उगाच तिला नावं ठेवली."

त्याने नुसती मान हलवली. त्याने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, असं ताईंना वाटलं.

"अजून एकदा कर ना, ताई," तो म्हणाला. "तुला कुठे पहिल्यांदा पटतं?"

नव्याने रक्त घेऊन काही बदलणार नव्हतं, हे ताईंइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी त्यांनी त्याला बाही वर करायला सांगितली, दंडाला पट्टा बांधला. त्याने मूठ घट्ट आवळली आणि तोंड फिरवलं. ताईंना शीर सापडेना.